'आपल्या' क्लबचा इतिहास

आमचे अहो जन्माने डोंबिवलीचे, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर आणि अलीकडे स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावाचे मूळ रहिवासी झालेले आहेत. त्या गावात ते कधी गेलेले नाहीत. नकाशावर दाखवा म्हटलं तर बोट आधी पोर्तुगालवर जातं. पण त्या गावच्या फुटबॉल क्लबचा विषय निघाला की लगेच 'आपण' सुरू. आपण यंदा वर आलो. आपला डिफेन्स ढिला पडतोय. आपल्याला रेफरीने मारलं. सोफ्यावर पाय पसरून, हातात चिवड्याची वाटी घेऊन माणूस इतका कसा लढू शकतो, हे मी शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्ये रोज बघते.

हे खूळ कुठून आलं ते सांगते. अहोंच्या कंपनीचं फॅब्रिकेशनचं यार्ड अबुधाबीजवळच्या मुसफ्फात आणि ऑफिस दुबईत. कंपनीच्या मालकाने हौसेखातर हा क्लब विकत घेतला. कुणी घोडे घेतं, कुणी बोट घेतं, याने क्लब घेतला. पुढच्याच आठवड्यात ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर एकेक जर्सी आली. मुसफ्फातल्या वेल्डर लोकांनाही वाटल्या. त्यांनी त्या कव्हरऑलच्या आत घातल्या आणि घाम टिपायला वापरल्या, म्हणजे तिथे जर्सीचा काही उपयोग तरी झाला. ऑफिसातल्या मराठी मंडळींनी मात्र मंडळ काढलं.

मराठी माणसाला वाळवंटात सोडून द्या, तो पाणी शोधायच्या आधी कार्यकारिणी नेमेल. इथेही अध्यक्ष झाले, कार्याध्यक्ष झाले, सचिव झाले, खजिनदार झाले. फुटबॉलला लाथ मारलेला त्यात एकही नव्हता. आमच्या अहोंना कुठलंच पद उरलं नाही म्हणून त्यांना 'इतिहास प्रमुख' केलं. हे सगळं कशासाठी, तर मंडळाचे फोटो ऑफिसच्या ग्रुपवर जातात आणि तिथून कधीतरी मालकाच्या नजरेस पडतात. क्लबवरचं यांचं प्रेम तेवढंच आहे. उद्या मालकाने सर्कस घेतली तर हे जोकरचं नाक लावून ऑफिसला जातील.

इतिहास प्रमुख झाल्यावर अहोंनी इतिहास पाठ केला. वाचला म्हणणार नाही, कारण वाचताना मी त्यांना बघितलेलं नाही. यूट्यूबवर कुणीतरी केलेले तीनचार व्हिडिओ पाहिले आणि झाले तज्ज्ञ. कुणाच्याही घरी वाढदिवस असो, सत्यनारायण असो, प्लेट हातात आली की अहो सुरू. मासे डब्यात भरायच्या कारखान्यातल्या कामगारांनी आपला क्लब काढला. पहिला बॉल परदेशी बोटीवरच्या खलाशांकडून मिळाला. भरती आली की ग्राउंड पाण्याखाली जायचं, म्हणून ओहोटी बघून मॅच ठेवायचे. मग युद्ध आलं, ग्राउंडवर सैन्याचे ट्रक उभे राहिले. मग शांतता झाली, मग आपण चढत चढत पहिल्या डिव्हिजनला गेलो. इथे अहो एक घोट पाणी पिणार, कारण पुढे त्यांचा लाडका भाग असायचा. काळा दिवस.

तो काळा दिवस मला आता झोपेतही म्हणून दाखवता येईल. सीझनची शेवटची मॅच. नुसती बरोबरी झाली तरी क्लब वरच्या डिव्हिजनला टिकणार. मॅच संपत आलेली. एक साधा उंच बॉल येतो, गोलकीपर वर उडी मारतो, दोन्ही हातात बॉल येतो आणि हातातून सुटून मागे जाळ्यात पडतो. खलास. क्लब खाली गेला तो गेलाच. पैसा आटला, खेळाडू गेले, ग्राउंड विकलं गेलं, शेवटी क्लबच बंद पडला. मग गावातल्या लोकांनी एकत्र येऊन त्याच रंगाच्या जर्सी शिवून सगळ्यात खालच्या पायरीपासून नव्याने सुरुवात केली. एवढं मोठं काम, पण ते अहोंच्या इतिहासात अर्ध्या वाक्यात संपायचं. पुढचं वाक्य असायचं, "आणि मग आपण आलो."

त्या गोलकीपरवर मात्र अहोंचा विशेष राग. त्याला ते 'लोणीवाला' म्हणायचे. हाताला लोणी लावून उतरला होता महाशय, असं म्हणत उडी मारून दाखवायचे. ढेरी हलायची, लोक हसायचे, आणि अहोंना वाटायचं आपण विनोदी आहोत.

क्लब घेतल्यावर तिकडून एक बाई इथल्या ऑफिसात मार्केटिंगला आली. मूळ त्याच गावची. आई वारलेली, म्हणून म्हाताऱ्या वडिलांना बरोबर घेऊन आली आणि दुबई मरीनाला, पाण्याकाठच्या एका टॉवरमध्ये राहायला लागली. कधीतरी लंच टाइममध्ये ती म्हणाली की माझे वडील तरुणपणी आपल्या क्लबकडून खेळलेत. झालं. मंडळाची तातडीची बैठक बसली. क्लबचा स्थापनादिन जवळ आलेला. प्रमुख पाहुणे ठरले.

म्हाताऱ्यांना इंग्लिश येत नाही. आमच्या लेकीने युनिव्हर्सिटीत स्पॅनिश घेतलंय, त्यामुळे दुभाषाचं काम तिच्याकडे आलं. मराठी तिला कळतं सगळं, पण उत्तरं इंग्लिशमध्ये. तिची आणि त्यांची गट्टी जमली. कॉलेज सुटलं की ती मरीनाला जायची, पाण्याच्या कडेने त्यांच्याबरोबर फिरायची. ती त्यांना आजोबा म्हणायला लागली, आणि त्यांना तो शब्द इतका आवडला की स्वतःची ओळख करून देतानाही ते आजोबा म्हणायचे.

एकदा तिने त्यांना घरी जेवायला आणलं. मी बांगडे केले होते, तिखट कमी घालून. काट्याचा मासा माणूस कसा खातो यावरून मला माणूस कळतो. अहो काट्यांशी भांडतात आणि निम्मा मासा ताटात टाकतात. आजोबांनी बांगड्याचा मधला काटा अख्खा उचलून बाजूला ठेवला आणि डोक्यासकट मासा साफ केला. मग लेकीमार्फत मला सांगितलं की त्यांची आई त्या कारखान्यात मासे डब्यात भरायची, आणि सुरुवातीला क्लबकडून खेळाडूंना पगाराबरोबर माशांचे डबे मिळायचे. धुकं इतकं यायचं म्हणाले, की गोलकीपरला पलीकडचा गोल दिसायचा नाही. आपल्या टीमने गोल केला हे मला लोकांच्या ओरडण्यावरून कळायचं. मग मी एकटाच माझ्या टोकाला धुक्यात नाचायचो. हे सांगताना ते खुर्चीत बसल्या बसल्या नाचले. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या क्लबबद्दल काही वाटलं. अहो त्या वेळी सचिवांशी फोनवर बॅनरचा रंग ठरवत होते, त्यामुळे 'गोलकीपर' हा शब्द त्यांच्या कानावरूनच गेला.

कार्यक्रमाच्या आधल्या आठवड्यात लेक मरीनाहून आली ती बॅग न उतरवताच स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. विचारलं तर म्हणाली, "आई, इट्स हिम." तो लोणीवाला म्हणजे आजोबाच. गावात त्यांना सगळे टोपणनावाने ओळखायचे, यूट्यूबवरही तेच नाव. मंडळाने पत्रिकेवर छापलेल्या त्यांच्या पूर्ण नावावरून कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं. आजोबांनी स्वतःच तिला सांगितलं होतं. स्टेजवर नेण्याआधी तुला माहीत असायला हवं, म्हणाले. गावात त्या दिवसानंतर एकही दिवस असा गेला नाही की कुणी त्या बॉलचा विषय काढला नाही. न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर, बायकोच्या अंत्ययात्रेतसुद्धा. बेकरीत गेलं की बेकरीवाला पावाची लादी हातात देताना म्हणणार, सांभाळ, पडेल. म्हणून मुलीने दुबईला चला म्हटल्यावर ते लगेच निघाले. तिला म्हणाले, इथे मी ब्रेड आणायला जातो आणि ब्रेड घेऊन येतो.

एवढंच त्यांचं सुख होतं. टॉवरखालच्या दुकानात जायचं, ब्रेड घ्यायचा, पाण्याच्या कडेने परत यायचं. तुमच्या मंडळात येतो, त्यांनी लेकीला सांगितलं, धुक्याचं सांगतो, डब्यांचं सांगतो, ओहोटीच्या मॅचचं सांगतो. त्या दिवसाबद्दल नको. लेकीने शब्द दिला.

आता अहोंनी स्थापनादिनासाठी व्हिडिओ करून घेतला होता, 'गौरवशाली वाटचाल' की काय नावाचा, आणि त्यात काळा दिवस होता. जुनी फिल्म, त्यावर अहोंच्या आवाजातली कॉमेंट्री, आणि बॉल सुटताना मागे ढोलकीचा ठेका. लेक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबा, दॅट पार्ट हॅज टु गो. आय गेव्ह हिम माय वर्ड."

कुठलाही शहाणा माणूस इथे ओशाळला असता. अहोंचा चेहरा उजळला.

"म्हणजे साक्षात तोच? अगं काय सांगतेस. मग तर मजाच आली. तो आपल्या स्टेजवर, आणि मागे त्याचाच गोल."

मी म्हटलं, "अहो, पाहुणा म्हणून बोलावून त्याच्या थोबाडीत मारायची आहे का?"

"तुला फुटबॉलमधलं काय कळतं? इतिहास आहे तो. इतिहास लपवायचा नसतो."

इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला लागलेली केटी या इतिहास प्रमुखांनी लग्न झाल्यावरसुद्धा कित्येक वर्षं माझ्यापासून लपवली होती. मी ते बोलून दाखवलं. मग अहो म्हणाले की व्हिडिओ फायनल झालाय, एडिटिंगवाला केरळला गेलाय. लेक हटेना. शेवटी टीव्हीचा आवाज वाढवत म्हणाले, "बघतो. इन्शाल्ला होऊन जाईल."

इथला अरब माणूस इन्शाल्ला म्हणतो तेव्हा त्याच्या मनात देव असतो. आपला माणूस म्हणाला की समजावं, काम होणार नाही. मी लेकीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "नो, ही प्रॉमिस्ड." बापावर तिचा तेव्हा विश्वास होता.

कार्यक्रम शनिवारी दुपारी, शारजातल्या एका शाकाहारी हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये. हॉलमध्ये ज्योत लावायला बंदी, म्हणून समईत बॅटरीवर लुकलुकणारे दिवे. टेबलावर सरस्वतीचा फोटो, शेजारी तिच्या दुप्पट आकाराचा मालकाचा फोटो आणि मधोमध क्लबची जर्सी, तिला झेंडूचा हार. हार घातल्यामुळे क्लबचं तेरावं घातल्यासारखं दिसत होतं. पुरुष सगळे जर्सीत, पोटावर ताणलेल्या. बायका पैठणीत, एसी बंद पडल्यामुळे पत्रिकेने वारा घेत.

आजोबा कोट घालून आले. त्यांची मुलगी ऑफिसच्या कामाने स्पेनला गेली होती, त्यामुळे लेकच त्यांना टॅक्सीने घेऊन आली. मंडळासाठी त्यांनी भेट आणली होती, त्या कारखान्यातला माशांचा डबा, कागदात नीट गुंडाळलेला. आईचा कारखाना अजून चालू आहे, असं ते लेकीला सांगत होते. खजिनदारांनी डबा घेतला, वरचं चित्र पाहिलं आणि टेबलाखाली पायाने सरकवला. व्हेज हॉटेल आहे, म्हणाले, उगाच लफडं नको.

मग आपलं नेहमीचं. प्रास्ताविक झालं. अध्यक्षांनी मराठी माणूस आणि फुटबॉल या विषयावर मराठी माणसाबद्दलच भाषण केलं. कार्याध्यक्षांनी शिवाजी महाराजांचा गनिमी कावा आणि आपल्या क्लबची काउंटर अटॅकची पद्धत यांचा संबंध जोडला. पाहुण्यांचा परिचय सचिवांनी वाचला. लेक आजोबांच्या कानाशी लागून हे सगळं स्पॅनिशमध्ये सांगत होती. काय सांगत होती देव जाणे, पण आजोबा मान डोलवत होते आणि मधूनमधून माझ्याकडे बघून हसत होते.

मग हॉलचे दिवे घालवले आणि व्हिडिओ लागला. ओहोटीची मॅच आली, सैन्याचे ट्रक आले. आजोबा पुढे झुकून बघत होते, एका फोटोकडे बोट दाखवून लेकीला काहीतरी सांगत होते. तेवढ्यात अहोंचा आवाज जाड झाला आणि मला कळलं. काळा दिवस जसाच्या तसा होता. उलट वाढवला होता. बॉल सुटलेला एकदा सरळ दाखवला, एकदा हळू, एकदा ढोलकीवर. आणि आमचे अहो त्यांच्या आवाजात, "या लोणीवाल्याने आपल्या क्लबला खड्ड्यात घातलं."

हॉल हसला. निम्म्या लोकांना माहीत होतं की तो माणूस समोर बसलाय. अहोंनी आधीच मंडळातल्या सगळ्यांना ग्रुपवर कळवलं होतं, सरप्राइज म्हणून. तेच जास्त हसले. त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याची किळस आली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

आजोबांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, आणि कळायची गरजही नव्हती. ते पडद्याकडे बघत राहिले. दिवे लागले तेव्हाही रिकाम्या पडद्याकडेच बघत होते. लेक बापाकडे बघत होती.

लगेच सत्कार. अध्यक्षांनी शाल पांघरली. श्रीफळ द्यायची वेळ आली आणि खजिनदार माइक ओढून घेत म्हणाले, "नारळ नीट पकडा हं साहेब, नाहीतर सुटायचा." आणि नारळ हातात द्यायच्या ऐवजी वीतभर वरून सोडला.

आजोबांनी तो दोन्ही हातांनी पकडला आणि छातीशी धरला, खाली वाकून, त्याच्याभोवती सगळं अंग गुंडाळून, गोलकीपर धरतात तसा. हॉलने टाळ्या पिटल्या. शिट्ट्या आल्या. वीसेक मोबाइल वर झाले. अहो पुढच्या रांगेत उभे राहून ओरडले, "हे तेव्हा करायचं होतं."

सचिव म्हणाले, वेळेअभावी पाहुण्यांनी फक्त दोन शब्द बोलावेत, खाली बटाटेवडे गार होताहेत. आजोबा माइकसमोर आले. नारळ अजून छातीशीच होता. ते खरोखरच दोन शब्द बोलले. लेकीने माइक घेतला आणि म्हणाली, "ही सेज थँक यू." पुन्हा टाळ्या. आभारप्रदर्शन त्यानंतर बराच वेळ चाललं.

धुक्याचं कुणी ऐकलं नाही. डब्यांचं नाही, ओहोटीचंही नाही. त्या क्लबच्या गोलसमोर उभा राहिलेला माणूस समोर बसलेला असताना हे टोळकं त्याला क्लबचा इतिहास ऐकवून जेवायला गेलं.

मी टेबलाखालचा डबा उचलून पिशवीत टाकला आणि अहोंना म्हटलं, तुम्ही या तुमचे. आजोबांना मरीनाला सोडायला मी आणि लेक गेलो. टॉवरपाशी उतरताना त्यांनी नारळ मला दिला, दोन्ही हातांनी, अगदी जपून. ते आत गेल्यावर मी लेकीला विचारलं, माइकवर काय म्हणाले गं ते. खरं सांग.

"'इथे पण,'" ती म्हणाली. मराठीत म्हणाली.

मोबाइलवर घेतलेलं ते नारळाचं चित्रण त्याच संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर गेलं. शेजारी जुन्या फिल्ममधला सुटलेला बॉल जोडलेला. कुणीतरी ते पुढे ढकललं, ते यार्डात गेलं, कामगारांच्या कॅम्पात गेलं, मरीनाच्या टॉवरच्या ग्रुपवर गेलं. मालकाने अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा स्क्रीनशॉट अहोंनी गावाकडच्या आपल्या आत्येबहिणीलासुद्धा पाठवला. त्यांच्या नोकरीच्या आयुष्यात मालकाकडून आलेलं ते पहिलं काहीतरी, अंगठा का होईना.

पुढच्या आठवड्यात लेक आजोबांबरोबर टॉवरखालच्या दुकानात गेली होती. काउंटरवरच्या माणसाने आजोबांना बघितलं, हसला, "अरे, गोलकीपर चाचा," म्हणाला आणि ब्रेडचं पाकीट काउंटरवरून त्यांच्याकडे उडवलं. "कॅच." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, लाडानेच म्हणाला असेल. मागे रांगेतले लोक हसले. आजोबांनी पाकीट पकडलं. त्याला थँक यू म्हणाले. तेवढं इंग्लिश त्यांना येतं.

त्या दिवसापासून लेक बाबांशी जेवढ्यास तेवढं बोलते. अहोंना त्याचं कारण कळलेलं नाही. परीक्षेचं टेन्शन असेल म्हणतात. परवा जेवताना वरणभात कालवत मोठ्या समाधानाने म्हणाले, "आधी कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं त्या म्हाताऱ्याला दुबईत. आता दुकानात, लिफ्टमध्ये, सगळीकडे ओळखतात. आपण ओळख मिळवून दिली त्याला."

लेक ताटावरून उठली. ताट सिंकमध्ये ठेवता ठेवता माझ्याकडे बघून म्हणाली, "ही डझन्ट गो डाउन एनीमोर, आई." ब्रेड आता आजोबांची मुलगी ऑफिसातून येताना आणते.